जेवढी लागेल तेवढीच : गाडीतल्या रेडिओची पॉवर कमी का आणि कशी करावी



आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, आणि आजच्या पत्रिकेवर विषय छापला आहे ‘द्विमार्गी मोबाइल रेडिओची पॉवर कमी करणे’. आत येताना एका गृहस्थांनी विचारलंच, “सर, छपाईची चूक आहे का हो?” चूक नाही. तत्त्वज्ञान ही आमची नोकरी होती, हॅम रेडिओ हा आमचा छंद आहे. नोकरी संपली, छंद राहिला. आणि खरं सांगायचं तर वर्गात आम्ही जे वर्षानुवर्षे सांगत होतो, ते आम्हाला नीट कळलं ते या छंदात, एका चुकीमुळे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मोबाइल म्हटलं की हात खिशाकडे जातो, पण आपण फोनविषयी बोलत नाही आहोत. गाडीत डॅशबोर्डखाली बसवलेला, मायक्रोफोनचे बटण दाबून बोलायचे आणि सोडून ऐकायचे, तो हा मोबाइल रेडिओ. पोलिसांच्या गाडीत पाहिला असेल. आमच्यासारखे हौशी लोक परीक्षा देतात, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परवाना घेतात आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात तो वापरतात. हातात धरायचा तो हँडसेट. त्याची पॉवर साधारण ५ वॉट. गाडीतल्या सेटची बहुधा ५० वॉट. आणि गाडीतल्या बहुतेक सेटवर एक बटण असते, ज्याने हे ५० वॉट १० वर किंवा ५ वर आणता येतात. आजचे सगळे व्याख्यान त्या एका बटणावर आहे.

आता ती चूक.

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीत डोंगरवाटांवरची एक धावण्याची शर्यत होती. अशा ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून संयोजक हॅम मंडळींना बोलावतात. धारेवर उंचावर आमचा ‘कंट्रोल’ बसला होता. आम्ही पायथ्याशी, कंट्रोलपासून सहा किलोमीटरवर, जीपमध्ये. मधल्या एका घळीत, कंट्रोलपासून दीड किलोमीटरवर, अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी हँडसेट घेऊन उभा होता. रेडिओ नवा, उत्साह दांडगा, पॉवर ५० वॉट. कशासाठी? कशासाठीच नाही. होती म्हणून.

शर्यत निम्म्यावर आली तेव्हा आम्ही कंट्रोलशी बोलत होतो. विषय काय, तर स्वयंसेवकांना कांदाभजी पुरतील की आणखी मागवायची. त्याच वेळी घळीत एक धावपटू घसरून पडला. पाय मुडपला, उठता येईना. मुलाने बटण दाबलं आणि कंट्रोलला हाक मारली. आम्ही डोंगराआड, त्यामुळे आमचा आवाज त्याला येतच नव्हता. त्याच्या लेखी वाट मोकळी होती. कंट्रोलचा आवाज मात्र त्याला स्वच्छ येत होता. संध्याकाळी तो आम्हाला म्हणाला, “सर, मी सांगत होतो की माणूस पडलाय, आणि वरून उत्तर यायचं, भजी संपत आलीत.”

वीस मिनिटे तो धावपटू उन्हात पडून होता. पुढे सगळं ठीक झालं, पाय मोडला नव्हता. पण त्या मुलाचं वाक्य आमच्या मनातून गेलं नाही. तो बोलत होता. ऐकणारा ऐकत होता. मधे आम्ही होतो.

हे घडलं कसं, ते समजून घेऊ.

व्ही.एच.एफ.वर हे सेट एफ.एम. पद्धतीने बोलतात. एफ.एम.चा एक स्वभाव आहे. एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले आणि त्यातला एक पुरेसा वरचढ असला, तर ऐकणाऱ्याचा सेट वरचढाला धरतो आणि दुसऱ्याला टाकून देतो. इंजिनिअर याला ‘कॅप्चर इफेक्ट’ म्हणतात. आपण ‘कब्जा’ म्हणू. बाजारात दोन माणसं एकदम बोलली तर मोठ्या आवाजामागे लहान आवाज कुजबुजीइतका तरी येतो. इथे तेवढाही येत नाही. कंट्रोलवरच्या मित्राचा दोष नव्हता. दुसरं कुणी बोलतंय याचा त्याला मागमूसही नव्हता.

किती वरचढ होतो आम्ही? कागदावर हिशेब करू. आमचे ५० वॉट. मुलाच्या हँडसेटचे ५, पण त्याची अँटेना आखूड, रबरी, अंगाला चिकटलेली. अशा अँटेनातून बरीच शक्ती वाया जाते. उपयोगी पडतो धरा अर्धा वॉट. म्हणजे आम्ही शंभरपट. पण अंतर आमचे चौपट. मधे आडकाठी नसेल तर अंतर चौपट झाल्यावर सिग्नल सोळा पटीने क्षीण होतो. शंभर भागिले सोळा, म्हणजे कंट्रोलपाशी आम्ही साधारण सहापट जोरदार. कब्ज्याला एवढं पुरतं.

आता समजा, आम्ही ५ वॉटवर असतो. दहापट भागिले सोळा, म्हणजे मुलाचाच सिग्नल किंचित जड. दोघे जवळपास तुल्यबळ असले की सेटमध्ये घरघर होते, शब्द तुटतात. कंट्रोलला लगेच कळलं असतं की दोघे बोलताहेत. “सगळे थांबा, घळीतला बोला,” असं तो म्हणाला असता. डोंगर असे कागदी हिशेब तंतोतंत पाळत नाहीत, हे मान्य. पण निदान संधी तरी राहिली असती.

आणि मुख्य प्रश्न हा, की ५ वॉटवर आमची भजी कंट्रोलपर्यंत पोचली असती का? खुशाल पोचली असती. जीप आणि धार एकमेकांच्या थेट दृष्टीत होती. त्या वाटेला हँडसेटचा एक वॉटही पुरला असता. वरचे ४५ वॉट आमच्या काहीच कामाचे नव्हते. त्यांनी फक्त दुसऱ्याचा आवाज बुजवला.

आता जरा शास्त्राकडे वळू, कारण पॉवरविषयी तीन गैरसमज घट्ट बसलेले आहेत.

पहिला : पॉवर वाढवली की आवाज मोठा येतो. एफ.एम.मध्ये असं होत नाही. आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो तो बोलताना फ्रिक्वेन्सी किती झुलते त्यावर. ऐकणारा म्हणाला, “हळू येतोय तुमचा आवाज,” तर मायक्रोफोन तोंडाच्या जवळ धरा, स्पष्ट बोला. पॉवरने फक्त मागची खरखर जाते, आणि तीही एका मर्यादेपर्यंत. सिग्नल त्या मर्यादेवर गेला, खरखर पुरती गेली, की पुढचा प्रत्येक वॉट ऐकणाऱ्याच्या दृष्टीने शून्य.

दुसरा : दहापट पॉवर म्हणजे दहापट अंतर. हेही नाही. मोकळ्या जागेत अंतर पॉवरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दहापट पॉवरला साधारण सव्वातीन पट. जमिनीलगत, दोन्ही अँटेना बुटक्या असताना, सिग्नल त्याहून झपाट्याने पडतो. तिथे दहापट पॉवरला ढोबळमानाने पावणेदोन पट अंतर. आणि या सगळ्यावर क्षितिजाची मर्यादा असतेच. या लहरी जवळजवळ सरळ जातात. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. जीपच्या टपावरची दोन मीटर उंचीची अँटेना घेतली तर पावणेसहा किलोमीटर. सिंहगडावर, म्हणजे पुण्याच्या सपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच गेलात, तर शंभराच्या पुढे. दूरदर्शनचा मनोरा तिथे उगाच उभा नाही. ५० चे १०० वॉट केल्याने या सूत्रातला एकही आकडा हलत नाही, कारण त्यात पॉवर नाहीच.

तिसरा गैरसमज : पॉवर कमी केली की फार नुकसान होतं. सिग्नल मोजायला डेसिबल हे माप आहे. पॉवर निम्मी केली की ३ डेसिबल जातात, दहावा हिस्सा केली की १०. मोठ्या सेटवर सिग्नलचा काटा असतो, त्याची एक पायरी ठरली आहे ६ डेसिबलची. म्हणजे ५० वॉटचे साडेबारा केले तर समोरच्याचा काटा जेमतेम एक पायरी उतरतो. ५ वॉट केले तरी दोन पायऱ्याही पुऱ्या उतरत नाहीत. सिग्नल आधीच भरपूर असेल तर समोरच्याला फरक सांगताही येत नाही.

उलट बाजूचा हिशेब पाहा. ५० वॉटवर बोलताना सेट बॅटरीतून दहा अँपिअरच्या आसपास ओढतो. १३.८ व्होल्ट गुणिले दहा, म्हणजे १३८ वॉट आत जातात, ५० बाहेर पडतात. उरलेले ८८ कुठे गेले? सेटच्या पाठीवर हात ठेवून बघा, चटका बसेल. ५ वॉटवर तोच सेट तीन-साडेतीन अँपिअरवर भागवतो. पॉवर दहावा हिस्सा, पण खर्च तिसरा हिस्सा. कारण सेटच्या बाकी यंत्रणेला तिचा वाटा लागतोच. सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी सलग बोलल्यास ५० वॉटला कागदावर ४२ मिनिटे पुरते, प्रत्यक्षात बरीच कमी. ५ वॉटला दोन तास. छावणीत रात्र काढायची असेल तर हा फरक फार मोठा आहे.

बरं, कमी करायची कशी? सोपं आहे, पण क्रमाने सांगतो.

सेटच्या तोंडावर ‘लो’ किंवा ‘पॉवर’ असं लिहिलेलं बटण असतं. नसेल तर मेनूत असतं. ते दाबलं की आत काय होतं? सेटच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर एक छोटा मोजणारा बसलेला असतो. किती शक्ती बाहेर चालली आहे हे तो सतत पाहतो, ठरलेल्या आकड्याशी ताडून बघतो आणि मागच्या टप्प्याला सांगतो, जरा आवर, जरा सोड. बटणाने आपण फक्त तो ठरलेला आकडा बदलतो. बाकी सगळं यंत्र आपल्या जागी नीट चालू राहतं. म्हणून हाच मार्ग बरोबर.

काही हुशार मंडळी इतर मार्ग शोधतात. सेट उघडून आतले स्क्रू फिरवतात. हे करू नये. एक स्क्रू फिरवताना भलताच फिरतो आणि आपला सिग्नल शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर सांडायला लागतो. व्यावसायिक परवान्याचे सेट असतील तर तो अधिकार आपला नसतोच. काही जण बॅटरीचा व्होल्टेज कमी करून पाहतात. अनेक सेट १३.८ व्होल्टच्या पंधरा टक्के इकडेतिकडेच नीट चालतात. त्याखाली त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. काही जण अँटेनाच्या वायरमध्ये सिग्नल खाणारा जोड, म्हणजे अ‍ॅटेन्युएटर, घालतात. यात दोन घोटाळे. ५० पैकी ४५ वॉट त्या जोडात जळतात; तो तेवढ्या ताकदीचा नसेल तर तोच जळतो. आणि दुसरं, येणारा सिग्नलही त्याच वाटेने येतो, त्यामुळे तोही दहावा हिस्सा होतो. कमी बोलायला गेलात आणि बहिरे झालात! अँटेना काढून ठेवणं किंवा बिघडवून ठेवणं तर मुळीच नको. बाहेर न गेलेली शक्ती परत फिरते आणि सेटच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरच्या मुळावर येते.

रोजच्या वापराची शिस्त अशी. सुरुवात कायम ‘लो’वर करावी. समोरच्याला विचारावं, “कसा येतोय?” स्वच्छ येत असेल तर तिथेच राहावं. खरखर असेल तर एक पायरी वर. गाडी पुढे गेली, वाट सुधारली, की आठवणीने परत खाली. डोंगरावरच्या रिपीटरमार्फत बोलत असाल तर एक लक्षात ठेवा : रिपीटर तुम्हाला छान ऐकू येतो याचा अर्थ तुम्ही त्याला छान ऐकू जाता असा नाही. म्हणून अंदाज बांधू नये, विचारावं.

आणि तरीही पोचत नसेल, तर पॉवरच्या आधी अँटेनाकडे पाहा. बंपरवरची अँटेना टपाच्या मध्यावर आणा. सपाट मैदानात अँटेनाची उंची दुप्पट केली तर ढोबळमानाने ६ डेसिबल मिळतात, म्हणजे पॉवर चौपट केल्यासारखं. शिवाय एक गोष्ट जी पॉवरने कधीच मिळत नाही, तीही मिळते. पॉवर वाढवली तर फक्त आपलं बोलणं दूर जातं. अँटेना सुधारली तर आपलं ऐकणंही दूर जातं.

या वाक्यापाशी आमच्यातला जुना मास्तर जागा होतो. दोन मिनिटे द्या.

कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाची एक कसोटी आम्ही वर्गात शिकवायचो. आपण ज्या नियमाने वागतो, तो सर्वांचा नियम झाला तर टिकेल का, हे स्वतःला विचारावं. मुलं म्हणायची, सर, उदाहरण द्या. आम्ही खोट्या वचनाचं उदाहरण द्यायचो, कांटचंच. मुलं वहीत लिहून घ्यायची आणि विसरायची. आता विचारलं तर आम्ही हे बटण देऊ. ‘मी माझी पॉवर दहापट करीन’ हा नियम सगळ्यांनी पाळला तर काय होईल? माझं तुमच्याशी असलेलं प्रमाण होतं तेच राहील. आधी जो दबत होता तो आताही दबेल. फायदा कुणालाच नाही, बॅटऱ्या मात्र सगळ्यांच्या उतरतील. फायदा दिसतो तो फक्त दुसऱ्यांनी पॉवर वाढवली नाही तरच. म्हणजे तो दुसऱ्यांच्या संयमावर काढलेला फायदा आहे. गणपतीत दोन मंडळांचे स्पीकर समोरासमोर आले की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

गंमत अशी की ही गोष्ट यंत्रांना आपल्या आधी कळली. तुमच्या खिशातला फोन गेली कित्येक वर्षे हेच करतोय. जुन्या ९०० मेगाहर्ट्‌झच्या जी.एस.एम. फोनची कमाल पॉवर २ वॉट होती, पण टॉवर जवळ असला की टॉवर त्याला सांगायचा, उतर, आणखी उतर. दोन-दोन डेसिबलच्या पायऱ्यांनी तो काही मिलिवॉटपर्यंत उतरायचा. नंतर आलेल्या सी.डी.एम.ए. फोनमध्ये सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत. तिथे टॉवरजवळचा एक फोन मोठ्याने बोलला तर लांबचे सगळे गप्प झाले असते, आमच्या घळीतल्या मुलासारखेच. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा वर-खाली करायला सांगत असे. ही यंत्रणा नसती तर ते जाळं चाललंच नसतं.

हॅमला असं सांगणारा टॉवर नसतो. त्याच्यासाठी नियम आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीत पंधराव्या कलमात ही अपेक्षा आहे की समाधानकारक सेवेला जेवढी शक्ती पुरे, तेवढीच केंद्राने बाहेर टाकावी. अमेरिकेच्या हौशी रेडिओच्या नियमांतही कमीत कमी आवश्यक पॉवरचं बंधन आहे. पण गाडीत बसलेल्या माणसाच्या अंगठ्यावर कुणाची नजर असते? कुणाचीच नाही. परवान्यावर लिहिलेली मर्यादा हा आपला हक्क आहे असं आपल्याला वाटतं. ती मर्यादा आहे, मोजून घ्यायचा वाटा नाही. पंगतीत वाढपी आग्रह करतो म्हणून कुणी दहा जिलब्या पानात घेऊन टाकून उठत नाही. निदान आमच्या लहानपणी उठत नसे.

एवढे बोलून आम्ही थांबतो. एखादा प्रश्न असेल तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : संकटाच्या वेळीही कमीच पॉवर वापरायची का?)

चांगला प्रश्न आहे. नियमात शब्द आहे ‘पुरेशी’, ‘कमीत कमी दिसावी म्हणून’ असा नाही. जीव धोक्यात आहे आणि निरोप पोचत नाही, तर सगळे ५० वॉट लावा, तेवढ्यासाठीच ते आहेत. घळीतल्या त्या मुलाकडे ५० वॉट असते तर ते त्याने जरूर वापरावेत. पण हेही पाहा. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा वीज आणि टेलिफोन कोलमडले, आणि देशभरातून गेलेल्या हॅम मंडळींनी निरोपांची ने-आण केली. अशा जागी बॅटरी कशी पुरवायची हा रोजचा प्रश्न असतो, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर कितीतरी जण थांबलेले असतात. म्हणजे संकटातच काटकसर जास्त लागते. ज्याला एरवी ‘लो’ची सवय नाही, त्याला ती घाईच्या वेळी सुचत नाही.

आमचंच सांगतो. त्या शर्यतीनंतर आम्ही ‘लो’च्या बटणापाशी एक लाल टिकली चिकटवली, सौभाग्यवतींच्या पाकिटातली. बोलायला मायक्रोफोन उचलला की आधी तिच्याकडे नजर जाते. आणि दुसरी सवय लागली ती ही, की प्रत्येक वाक्यानंतर बटण सोडून दोन-तीन सेकंद गप्प बसतो. मधे कुणाला बोलायचं असलं, तर त्याला जागा असावी.